पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही: लाइव्ह संगीताचे फोटो काढण्याचं काम

मोठ्या कार्यक्रमात फोटोग्राफरला बहुतेक वेळा एकच नियम सांगतात: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. मंच आणि बॅरिकेड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत, म्हणजे पिटमध्ये, तुम्हाला सोडतात आणि तिसरं गाणं संपलं की सुरक्षारक्षक खांद्यावर हात ठेवून बाहेरची वाट दाखवतो. गाणं चार मिनिटांचं धरलं तर हातात जेमतेम बारा मिनिटं. त्यातली तीन-चार मिनिटं सेटिंग जुळवण्यात आणि उभं राहायला जागा शोधण्यात गेली तर उरलं काय?

मी पैसे घेऊन केलेल्या पहिल्याच कामात हे पुरतं कळलं. बँड सहा जणांचा होता. परत आले तेव्हा कार्डावर तीनशेहून जास्त फोटो होते आणि त्यातले बहुतेक सगळे गायकाचे. त्यांतल्या निम्म्यांत त्याचा चेहरा पांढराफटक, कारण मागचा काळोख बघून कॅमेऱ्याने आपल्या अकलेने एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा प्रकाश, वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा एकच प्रश्न आला: "बेसवाला कुठे आहे?" बेसवाला, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, होता. एका फोटोत. खांद्यापर्यंत.

त्यामुळे हा लेख त्या बारा मिनिटांभोवती लिहिला आहे. छोट्या जागेत किंवा बैठकीच्या मैफलीत वेळेचं असं बंधन नसतं. पण तीन गाण्यांत काम उरकायची सवय ज्याला लागली आहे, तो तिथेही उगाच शटर दाबत बसत नाही.

जाण्यापूर्वी

सगळ्यात आधी ऐका. कलाकाराच्या अलीकडच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ शोधा आणि निदान दोन पूर्ण बघा. गायक माइक हातात घेतो की स्टँडवर ठेवतो, कोणत्या हाताने धरतो, गिटारवाला सोलोसाठी पुढे येतो का, कोण कुठे उभं राहतं, हे कागदावर लिहून काढा. एकाच दौऱ्यातले कार्यक्रम बरेचदा सारखेच रचलेले असतात, त्यामुळे सुरुवातीची गाणी आधीच कळू शकतात. नाहीच कळली तर साउंडचेकच्या वेळी साउंडच्या टेबलाशी विचारा. सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, तिथे असते, नाहीतर वादकांच्या पायाशी जमिनीवर चिकटवलेली असते.

लाइटवाल्याची ओळख काढा. त्याला एवढंच विचारायचं: "पहिल्या गाण्यात समोरून लाइट आहे का?" पुष्कळ कार्यक्रम मुद्दाम अंधारात सुरू होतात. मागून निळा झोत, धूर आणि माणसांच्या नुसत्या आकृत्या. हे आधी माहीत असेल तर पहिल्या गाण्यात चेहरे शोधत तुम्ही घामाघूम होणार नाही.

क्लायंटला काय हवंय ते लेखी घ्या. प्रत्येक वादकाचा एकेक फोटो, पूर्ण मंचाचा एक, प्रेक्षकांसह एक, आडवे किती, उभे किती, पोस्टरसाठी बाजूला मोकळी जागा असलेला एखादा हवा का, आणि कधीपर्यंत. मासिकाला जे लागतं ते कलाकाराच्या मॅनेजरला लागत नाही आणि आयोजकाला तिसरंच काहीतरी हवं असतं. आयोजकाला गर्दी दिसली पाहिजे.

आणि सही करायचा कागद. पासबरोबर करारही पुढे येऊ शकतो आणि तो दारात, कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना हातात पडला तर कोणीच वाचत नाही. आदल्या दिवशी मागून घ्या. फोटोंचा कॉपीराइट कोणाकडे राहणार, ते कुठे आणि किती काळ वापरले जाणार, तुम्हाला स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवता येतील का, एवढं तरी तपासाच. कायदा देशागणिक बदलतो. काही ठिकाणी काम देणाराच मालक ठरतो, म्हणून तोंडी बोलण्यावर जाऊ नये. २०१५ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्यातल्या अशाच एका करारावर जेसन शेल्डन या छायाचित्रकाराने खुलं पत्र लिहिलं. फोटोग्राफरला फोटो जवळजवळ एकदाच वापरता येणार आणि दुसऱ्या बाजूला मात्र प्रसिद्धीसाठी कायमची मुभा, हा त्याचा आक्षेप होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि पुढे करार बदलला. म्हणजे कागद बदलता येतो. विचारावं लागतं.

सोबत काय न्यायचं

कॅमेऱ्याच्या दोन बॉडी असतील तर एकीवर २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स आणि दुसरीवर ७०-२०० ची, दोन्ही लेन्स एफ २.८ च्या. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. या कामातली ही ठरलेली जोडी आहे आणि ती महाग आहे. पैसे कमी असतील तर तीच जोडी स्वस्तात जमवण्याच्या नादी लागू नका. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटमधली झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ वर जाते, म्हणजे एफ २.८ च्या चौथाई प्रकाश. त्यापेक्षा एफ १.८ ची ५० किंवा ८५ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्या. एफ २.८ च्या तुलनेत तिच्यातून साधारण अडीचपट प्रकाश येतो. जिथे इतरांना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथे तुमचं २५०० वर भागतं. झूम पायांनी करायचा.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा. समोरून येणाऱ्या झोतांची भुतं, म्हणजे फिकी प्रतिबिंबं, त्या काचेमुळे फोटोत उमटतात. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची झालर, मात्र लावा. भुतं थोडी कमी होतात आणि कोणाचा कोपर लागला तर काच वाचते. कपडे काळे. पाठीवरची मोठी सॅक पिटमध्ये नको, वळताना ती शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावर आदळते.

कानात इअरप्लग हवेतच. पिटमध्ये स्पीकर तुमच्या डोक्याशी असतात. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. तुम्ही आठवड्याला तीन कार्यक्रम करणार असाल तर हा हिशेब प्रेक्षकापेक्षा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. संगीतकारांसाठीचे प्लग मिळतात, त्यांतून सूर नीट ऐकू येतो, फक्त आवाज खाली येतो. ऐकू येणं गरजेचं का, ते पुढे येईलच.

कॅमेरा कसा लावायचा

मॅन्युअल मोड. सुरुवात एफ २.८, शटर १/२५० (म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग), आयएसओ ३२०० वर करा आणि तिथून हला. फाइल रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतं आणि कॉन्सर्टची चौकट तीन चतुर्थांश काळी असते, म्हणून ऑटोवर चेहरे जळतात. लाइट सतत बदलतोय, मग मॅन्युअल कसं चालेल, असं पुष्कळ जण विचारतात. नीट बघितलं तर मागचे आणि वरचे रंगीत लाइट नाचत असतात, पण गायकावरचा समोरचा स्पॉट बहुतेक गाण्यांत फारसा हलत नाही. तुम्ही त्या स्पॉटखालच्या गालासाठी एक्स्पोजर लावायचं. आयएसओचं चक्र अंगठ्याखाली ठेवा आणि गरजेप्रमाणे एक-दोन टप्पे वर-खाली करत राहा. सगळंच झपाट्याने बदलत असेल तर शटर आणि ॲपर्चर (तोच एफचा आकडा) हाताने लावून आयएसओ ऑटोवर टाका, एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी सांगा. मला ते आवडत नाही, पण वेळ मारून नेता येते.

शटर माणसागणिक बदलतो. संथ गाणारा एकटा गायक १/१२५ वरही चालतो. नाचणाऱ्या, उड्या मारणाऱ्याला १/५०० लागतो. फोटो थोडा दाणेदार आला तरी लोक स्वीकारतात. चुकून हललेला कोणी स्वीकारत नाही. म्हणून आयएसओला घाबरून शटर खाली आणू नका.

फोकस सतत चालू ठेवायचा प्रकार निवडा आणि एक बिंदू किंवा लहानसा चौकोन डोळ्यावर ठेवा. डोळे ओळखणारे नवे कॅमेरे उत्तम काम करतात, पण माइक चेहऱ्यासमोर आला की कधी कधी माइकच्या जाळीवरच बसतात. जाळीचं एकेक भोक स्पष्ट आणि डोळे धूसर, असा फोटो छोट्या पडद्यावर चांगला वाटतो. घरी गेल्यावर रडायला येतं.

आता एलईडी. या कामातली आजची खरी डोकेदुखी हीच. पहिला त्रास रंगाचा. गडद लाल किंवा निळा झोत पडला की कॅमेऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या वाहिन्यांपैकी फक्त एकच भरून वाहते, बाकीच्या रिकाम्या राहतात. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बरा दिसतो आणि चेहऱ्यावर मात्र एकसलग लाल डाग, नाक-गाल वेगळे कळत नाहीत. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, लाल प्रकाशात एक्स्पोजर स्टॉपभर खाली आणा, आणि शक्य असेल तर थांबा. त्याच गाण्यात कुठेतरी पांढरा किंवा पिवळसर झोत येतोच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कशाला मानायचा ती सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास ठेवून विसरून जा. ऑटोवर प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा येतो आणि नंतर एडिट करताना जीव जातो.

दुसरा त्रास पट्ट्यांचा. एलईडी मंद करताना ते खूप वेगाने चालू-बंद होतात. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती, ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळ्या येतात. बहुतेक वेळा मेकॅनिकल शटरवर गेलं की हे कमी होतं. साधे दिवे विजेच्या लहरीनुसार लुकलुकतात, ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, म्हणून तिथे १/१०० किंवा १/५० सुरक्षित. ६० हर्ट्झच्या विजेवर १/१२० किंवा १/६०. एलईडीला हा हिशेब लागू पडतोच असं नाही, तिथे शटर थोडाथोडा बदलून बघावा लागतो. मागे मोठा एलईडी पडदा असेल तर त्यावरच्या पट्ट्याही तपासा. हे सगळं साउंडचेकमध्ये करायचं, पहिल्या गाण्यात नाही.

लेझर असतील तर त्याच्या थेट वाटेत लेन्स धरू नका. सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते, आणि मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, तर सेन्सर सतत उघडाच असतो.

पहिलं गाणं: गायक

पहिल्या अर्ध्या मिनिटात चार-पाच फोटो फक्त चाचणीसाठी. गालावरचा उजेड जळतोय का ते बघा, सुधारा, आणि मग पडदा बघणं बंद करा. दर फोटोनंतर खाली मान घालणाऱ्याचं निम्मं गाणं तिथेच जातं.

जागा माइकवरून ठरते. गायकाने उजव्या हातात माइक धरला असेल तर तो हात आणि माइक त्याच्या उजव्या बाजूने चेहरा झाकतात, म्हणून तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे मंचाकडे तोंड केल्यावर तुमच्या उजवीकडे जा. बरोबर समोर उभं राहणं ही नवख्यांची हमखास चूक. समोरून माइक म्हणजे तोंडाच्या जागी काळा गोळा.

आता ऐकण्याकडे येऊ. ओळ संपते तेव्हा गायक श्वास घेतो. माइक वीतभर खाली येतो, हनुवटी दिसते, डोळे उघडतात. हा क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो, पण तो अचानक येत नाही. पहिला अंतरा नीट ऐकला असेल तर दुसऱ्या अंतऱ्यात तो कुठे येणार हे तुम्हाला ठाऊक असतं. तबलजी समेची वाट बघतो तशी तुम्ही ओळीच्या शेवटाची वाट बघायची. अक्षरंही ऐका. 'आ'वर जबडा खाली येतो, मान ताठ होते, चेहरा मोकळा दिसतो. 'ई'वर ओठ ताणले जातात आणि सूर कितीही गोड असला तरी फोटोत माणूस दात काढल्यासारखा दिसतो. 'म', 'प', 'ब'वर तोंड मिटतं. मुखड्यातला लांब 'आ' कोणत्या शब्दावर आहे ते एकदा कळलं की त्या शब्दाच्या किंचित आधी शटर दाबायला सुरुवात करा, कारण दिसल्यावर दाबलं तर तो गेलेला असतो. तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट पुरे. वीस-वीसचे बर्स्ट मारले तर रात्री निवडायला तुम्हीच बसणार आहात.

गिटार वाजवत गाणाऱ्याचा माइक स्टँडवर असतो. तो माइकपासून मागे सरकतो तेव्हाचा फोटो घ्या.

दुसरं गाणं: बाकीचे सगळे

आता गायकाकडे पाठ फिरवायची. मनाविरुद्ध जातं, कारण सगळे कॅमेरे त्याच्याकडेच असतात. पण यादीतले वादक एकेक करून आत्ताच संपवा.

गिटारवाला बहुधा आपल्या सुरांवर फिरणाऱ्या हाताकडे बघतो, म्हणून चेहरा गिटारच्या दांड्याकडे वळलेला असतो. त्या बाजूला उभं राहिलात तर चेहरा मिळतो, उलट बाजूला नुसता कान. दांड्याचं टोक थोडक्यात कापू नका. पूर्ण घ्या, नाहीतर ठासून आत शिरा.

ड्रमर सर्वांत अवघड. तो मागे असतो, उंचावर असतो आणि झांजांनी वेढलेला असतो. पिटमध्ये मंचाला चिकटलात तर तो दिसतच नाही. दोन पावलं मागे किंवा एका टोकाला जा आणि झांजांमधली फट शोधा. एक तरी असते. काठी वर जाऊन खाली यायला वळते तेव्हा क्षणभर थांबलेली असते, झोका टोकाला थांबतो तशी. तिथे १/२५० वरही ती स्पष्ट येते. खाली येताना १/१००० लाही ती पुरती गोठेल याची खात्री नाही. म्हणजे पुन्हा ठेका मोजायचा आणि ठोक्याच्या आधी दाबायचं. कीबोर्डवाल्यासाठी वाट बघायची ती त्याने दुसऱ्या वादकाकडे बघून हसण्याची. एरवी तो टाइपिंग करत असल्यासारखा दिसतो.

बसून वाजवणाऱ्या कलाकारांच्या मैफलीत तुम्हीही खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत डोक्याचा भांग दिसतो, चेहरा नाही. आणि आलाप चालू असताना शटरचा आवाज करू नका. एक तर इलेक्ट्रॉनिक शटर आधी तपासून ठेवा, नाहीतर लय वाढेपर्यंत कॅमेरा मांडीवर. त्या शांततेत एक 'खटाक' झाला की पुढच्या रांगेतली दहा डोकी वळतात. एकदा ती माझ्याकडे वळली आहेत.

तिसरं गाणं: धोका पत्करा

यादी संपलेली आहे, तेव्हा आता बिघडले तरी चालतील असे फोटो. मागून झोत येत असेल तर उजेडासाठी एक्स्पोजर लावा आणि माणूस काळा होऊ द्या. फक्त तो बाजूने दिसला पाहिजे, नाक-ओठांची रेघ नसेल तर आकृती नुसतं बोचकं. शटर १/१५ वर आणून ड्रमरचे हात वितळू द्या. मागे वळून पहिल्या रांगेतले चेहरे घ्या. वाइड लेन्सने मंच, धूर आणि हात एकत्र.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पेनी स्मिथ यांनी द क्लॅश या बँडच्या पॉल सायमननचा बेस गिटार जमिनीवर आपटतानाचा फोटो काढला. तो फोकसमध्ये नाही, आणि म्हणून स्वतः पेनी स्मिथ यांना तो अल्बमच्या मुखपृष्ठावर नको होता. बँडने तोच निवडला आणि रॉक संगीतातल्या सर्वांत ओळखीच्या फोटोंमध्ये तो गणला जातो. म्हणून फोकस सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण रात्री निवडताना धूसर फोटो डोळे झाकून डिलीट करू नका.

पिटमधली रीत थोडक्यात: कॅमेरा डोक्यावर उंच धरू नका, मागच्याची चौकट जाते. चांगली जागा मिळाली तर अर्धं मिनिट वापरून सरका. मंचावर कोपर टेकू नका. तुमच्या मागे तिकीट काढून आलेली माणसं आहेत, जाताना वाकून जा.

रात्री आणि दुसऱ्या दिवशी

घरी पोचल्यावर आधी कार्डाची प्रत दोन ठिकाणी, मग जेवण. निवडताना डोळे मिटलेले फोटो सरसकट टाकू नका. गाताना डोळे मिटणं हा बरेचदा त्या गाण्यातला सर्वांत खरा क्षण असतो. वाईट दिसतात ते अर्धवट मिटलेले. तीनशेतून पंचवीस-तीस ठेवा. एकाच हावभावाचे चार फोटो पाठवलेत तर निवडीचं काम तुम्ही क्लायंटवर ढकललंत, आणि तो नेमका तुमचा नावडता निवडेल.

लाल झोतात जळलेला चेहरा काळा-पांढरा केला की पुष्कळदा वाचतो. पण काळा-पांढरा म्हणजे आजारी फोटोंचा दवाखाना नव्हे. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणा, कमी करताना कातडीचं मेण होईपर्यंत घासू नका, थोडा दाणा राहू द्या. फाइलमध्येच कलाकाराचं नाव, वाद्य, जागा, तारीख आणि तुमचं नाव भरा. नावांचं स्पेलिंग पोस्टरवरून नाही, कलाकाराच्या स्वतःच्या पानावरून घ्या.

पाच-सहा फोटो त्याच रात्री पाठवा. सकाळी सगळे कार्यक्रमाबद्दल बोलत असतात तेव्हा तुमचे फोटो हाताशी असले पाहिजेत. तीन दिवसांनी ते कितीही सुंदर असले तरी शिळे. पैसे सांगताना तासांबरोबर वापरही मोजा: सोशल मीडिया वेगळं, पोस्टर वेगळं, अल्बमचं मुखपृष्ठ वेगळं. 'तुमचं नाव देऊ' हे मानधन नाही. अगदी सुरुवातीला, छोट्या जागेत, परवानगी घेऊन, स्वतः निवडलेल्या कलाकाराचे फोटो फुकट काढायला माझी हरकत नाही. तिथे बॅरिकेड नसतं, तीन गाण्यांची अट नसते आणि लाइट भयंकर असतो. शिकायला याहून चांगलं काय हवं? पण जो तिकिटं विकून पैसे कमावतोय त्याच्यासाठी फुकट नको.

आणि करारात बसत असेल तर बेसवाल्याला त्याचा एक फोटो वेगळा पाठवा. गायकाकडे हजारो असतात, त्याच्याकडे बहुधा एकही चांगला नसतो. शिवाय बेसवाले आणि ड्रमर बरेचदा एकाच वेळी दोन-तीन बँडमध्ये वाजवतात. माझी पुढची तीन कामं एका ड्रमरच्या फोनवरून आली, गायकाने अजून उत्तर दिलेलं नाही.